भांडल्याशिवाय खुर्ची नाही

आबांना जाऊन वर्ष झालं, त्या रविवारी सगळं घर जेवणाच्या टेबलाभोवती जमलं. भाषणं झाली नाहीत, रडारड तर नाहीच नाही. जो तो एकच गोष्ट सांगत होता, मी आबांशी कसा भांडलो. सांगता सांगता कुणी टेबलावर मूठ आपटत होतं, कुणाला हसताना ठसका लागत होता. आता तुम्ही म्हणाल, ही काय गेलेल्या माणसाची आठवण काढायची रीत झाली? झाली बाबा. त्या घरात तीच रीत आहे. ती कशी पडली हे कळायचं तर आधी त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या बघायला हव्यात.

एकीसारखी दुसरी नाही. एक उंच पाठीची, एक बुटकी आणि ऐसपैस, एक इतकी अरुंद की बसणाऱ्याने श्वास धरून बसावं. एकीला तर डावा हात आहे आणि उजवा नाहीच. नवखा माणूस दारातून बघतो तेव्हा त्याला वाटतं, लिलावातून मिळतील तशा उचलून आणल्यात. पण दुसऱ्याच्या खुर्चीत बसून तर बघा म्हणावं! पाच मिनिटांत कंबर बोंब मारते. कारण प्रत्येक खुर्ची एकाच माणसाच्या मापाची आहे, आणि झाडून सगळ्या आबांनी केलेल्या आहेत.

आबा सुतार. गल्लीला ते मिस्त्री, घराला आबा. मिसरूड फुटायच्या आधी शहरात आले आणि नदीकाठच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश कागद घासायला लागले. घासता घासता करवत हातात आली, मग पटाशी आली, मग लग्न झालं, मग घरामागे पत्र्याची स्वतःची शेड झाली. शहरातल्या निम्म्या शाळांचे बाक त्यांचे. न्हाव्याच्या दुकानातलं आरशाचं कपाट त्यांचं. पोस्टातलं ते लांबलचक टेबल, ज्यावर तीन पिढ्यांनी तिकिटं चिकटवली, तेही त्यांचंच. नव्वदी ओलांडली तरी दात शाबूत, नजर शाबूत, आणि कान हवे तेव्हा शाबूत. "आबा, गोळी घेतली का?" हे त्यांना कधी ऐकू आलं नाही. स्वयंपाकघरात सूनबाई पुटपुटल्या की मात्र बाहेरून आवाज यायचा, "ऐकलं हं मी."

त्यांची एक खोड होती. नवीन लाकूड आलं की त्याला हात लावायचे नाहीत. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. गिऱ्हाईक घायकुतीला यायचं. त्याला आबा म्हणायचे, "राहू द्या हो. त्याला वाकायचं ते वाकू दे, तडकायचं ते तडकू दे. राग बाहेर पडला की कळतं लाकूड कसं आहे. आत्ताच जोड मारला, तर चार महिन्यांत तुमची खुर्ची घरभर कुरकुरत बसेल."

लाकडाचा हा नियम त्यांनी माणसांना कधी लावला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सुरुवात बहुतेक आजीपासून, म्हणजे त्यांच्या बायकोपासून झाली. लग्न झालं तेव्हा घरात तिच्या वाट्याला बसायला एक खोकं होतं. एक आठवडा आजीने त्यावर काढला. मग एके दिवशी तिचा पारा चढला. "अख्ख्या गावाच्या बुडाखाली खुर्च्या घालता, आणि घरच्या बायकोला खोकं? लाज नाही वाटत?" असं म्हणून ती ताडकन बहिणीकडे निघून गेली. अर्ध्या वाटेत तिला आठवलं की चुलीवर दूध ठेवलंय, आणि ती तशीच मागे फिरली. दुधासाठीच आले, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. आबांनी दुसऱ्या दिवशी कारखान्याला दांडी मारली, तिला समोर उभं केलं आणि म्हणाले, "सुतळी आण." सुतळीने टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर अशी मापं घेतली. त्या घरातली ती पहिली खुर्ची.

पुढे सगळ्यांचं तसंच झालं. जावई लग्नानंतर महिन्याभरात आबांशी रेडिओवरच्या बातम्यांवरून असा भांडला, की हात फिरवताना आमटीचं भांडं खाली गेलं. "पुन्हा या घराची पायरी चढणार नाही!" म्हणाला. पुढच्या रविवारी चढला. आबा म्हणाले, "सुतळी आण." त्याच्या खुर्चीला उजवा हात नाही तो यासाठी, की बोलताना त्याला जागा लागते. आबांची सून, म्हणजे पुढे ज्या सासूबाई झाल्या त्या, नव्या होत्या तेव्हा शेडमधला भुसा उडून कणकेत पडायचा. तीनदा सांगून झालं, चौथ्यांदा त्यांनी कणकेचा गोळा नेऊन आबांच्या रंध्यावर आपटला आणि म्हणाल्या, "एक तर तुमचा भुसा राहील, नाहीतर मी!" लगेच निघाली सुतळी. त्यांची ती बुटकी, ऐसपैस खुर्ची. आणि हो, शेडला दारही त्याच आठवड्यात लागलं.

तर अशा घरात साखर आली.

साखर म्हणजे आबांची नातसून. नाव आबांनीच ठेवलं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पोरगी भयंकर गोड. चहा गार दिला तरी "छान आहे." जास्तीचं मीठ पडलं तरी "असं मला आवडतं." नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, रोज उशिरा यायचा, तरी हिच्या तोंडातून ब्र नाही. सासूबाईंनी पडदे निवडायला सांगितले तर म्हणाली, "तुम्हाला आवडतील ते." सासूबाई वैतागल्या. "अगं, मी भिंतीशी बोलतेय का? भिंतसुद्धा निदान पोपडा टाकते!"

पण तिचंही खरं होतं. आईवडील लहानपणी गेले आणि ती मामाकडे वाढली. मामा-मामी वाईट नव्हते. पोटभर खायला घातलं, शिकवलं, दारात मांडव घालून लग्न लावून दिलं. फक्त एकदा, ती नऊ-दहा वर्षांची असताना, मामेबहिणीशी भांडून तिने खोलीचं दार आपटलं होतं. मामी रागावली नाही. हसतच म्हणाली, "स्वतःच्या घरी गेलीस की आपट हो दारं." झालं. त्या दिवसापासून त्या पोरीने आयुष्यात एक दार आपटलं नाही. माणसाने आपल्याला ठेवून घ्यावं यासाठी गोड राहावं लागतं, हे तिच्या हाडात मुरलं होतं.

लग्न होऊन आली त्या दिवशी जेवायला बसताना एक खुर्ची कमी पडली. कुणीतरी एक स्टूल पुढे सरकवलं आणि ती बसली. बसायच्या आधी तिने सगळ्या खुर्च्या पाहिल्या, नवऱ्याने कानात सांगितलं, "आबांनी केल्यात, प्रत्येकाला एक." तेव्हाच तिच्या मनाने घेतलं. आपलीही होईल. आणि ती झाली की आपण इथले. बाकी दागिना नको, साडी नको, पण आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीला काहीतरी हवं होतं, आणि ते मागायची तिला चोरी.

ती वाट बघत राहिली. आबा टेबलाच्या टोकाला त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर बसायचे. ठेंगणी लोखंडी पट्ट्यांची पेटी, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीपाशी यायचे आणि ताट छातीशी. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची लहर. एकदा ती म्हणालीही, "आबा, तुम्ही इकडे स्टुलावर बसा ना, मी पेटीवर बसते." आबा म्हणाले, "बस तू. मला हेच बरं." मग तिने पुन्हा विषय काढला नाही. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायचं तिच्या स्वभावातच नव्हतं.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. आबांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा. तो आवाज ऐकला की साखर हातातलं काम टाकून बघायची. एक तर आबांची काळजी, आणि त्या काळजीच्या खाली, स्वतःचीच लाज वाटावी असं दुसरं काहीतरी. आता माझी खुर्ची कधी होणार?

शेवटी एकदा नवऱ्यापाशी तिचा बांध फुटला. "मी काय कमी केलं रे? सगळ्यांची केली, माझीच नाही. मी त्यांना आवडत नाही का?"

नवरा आधी ऐकून घेत होता, मग त्याने कपाळावर हात मारला. "अगं वेडे! तू त्यांच्याशी भांडली आहेस का कधी?"

"शी! भांडेन कशाला?"

"मग कशी मिळेल? इथे भांडल्याशिवाय खुर्ची नाही. आईला विचार. बाबा परीक्षेवरून भांडले तेव्हा त्यांची झाली. माझी सायकलवरून झाली."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहिती असेल. सगळ्यांना माहितीये."

पुरुषांचं हे एक मला कळत नाही. घरात आग लागली तरी म्हणतील, मला वाटलं तुला धूर दिसला असेल.

तर साखरेने भांडायचं ठरवलं. हसू नका, तिच्यासाठी ते सोपं नव्हतं. विषय शोधण्यातच दोन दिवस गेले. शेवटी आबांचा रेडिओ सापडला, तो जरा मोठ्याने लागायचा. आरशासमोर उभं राहून तिने वाक्यं पाठ केली आणि दुपारी आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमचा हा रेडिओ."

"काय झालं त्याला?"

"म्हणजे, तो मोठा असतो. म्हणजे फार मोठा असतो असं नाही. मला त्रास होतो असंही नाही. पण एखाद्याला होऊ शकतो."

आबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बंद करू?"

"नको नको! असू दे. छान लागलंय."

"पाठ करून आलीस होय गं?" आबा म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. साखर लाजेने लाल झाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत पळाली. आता बोला!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबांचा अंगठा पटाशीखाली आला. टाके पडले. डॉक्टरांनी दम भरला आणि सासऱ्यांनी शेडला कुलूप ठोकलं. किल्ली कुणाकडे ठेवायची यावर घरात खल झाला. सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडून ते गोड बोलून काढून घेतील. नवरा म्हणाला, मी दिवसभर दुकानात. शेवटी ती साखरेकडे आली. का, तर ती सांगितलेलं मोडत नाही.

आता तिची पंचाईत बघा. ज्या माणसाने तिची खुर्ची करायची, त्याच्या शेडची किल्ली तिच्याच ओच्यात. रोज आबा यायचे. "साखर, जरा किल्ली दे. लाकडांना वारा लागू दे." ती म्हणायची, "नाही हो आबा, बाबांनी सांगितलंय." "अगं, नुसता बघून येतो." "उद्या बघू या हं." आबा जायचे आणि ती खिडकीतून त्यांची वाकलेली पाठ बघत बसायची. किल्ली दिली असती तर कदाचित खुर्ची झाली असती. पण ते टाके घालताना तीच त्यांचा हात धरून बसली होती. तो हात कागदासारखा हलका लागला होता. खुर्ची गेली खड्ड्यात, तिने ठरवलं, किल्ली द्यायची नाही.

मग ती दुपार आली. साखर वाळलेले कपडे काढायला मागे गेली, तर शेडच्या मागच्या खिडकीतून दोन पाय बाहेर लोंबकळत होते. एका पायात चप्पल, एक अनवाणी. खाली भिंतीला लावलेली हत्यारांची पेटी. आबा पेटीवर चढून खिडकीतून आत शिरत होते आणि कमरेपाशी अडकले होते. नव्वदी ओलांडलेला माणूस! आत खिडकीखाली करवतीचं टेबल होतं, हे तिला माहीत होतं. एक वीत पुढे सरकले असते, तर डोक्यावरच पडले असते.

कपडे कुठे फेकले तिला आठवत नाही. तिने त्यांना कमरेला धरून बाहेर ओढलं, पेटीवर बसवलं, हात-पाय-डोकं चाचपून पाहिलं. कुठे खरचटलंही नव्हतं. ते बघितलं मात्र, आणि तिचा जो भडका उडाला!

"अक्कल आहे का तुम्हाला? वय काय, करताय काय? माकड आहात का खिडकीतून चढायला?"

आबाही तापलेले होते. "किल्ली दिली असतीस तर दारातून गेलो असतो!"

"नाही देणार! मुळीच देणार नाही!" तिने ओच्यातली किल्ली काढून मुठीत आवळली. "डोकं फुटलं असतं म्हणजे? मी काय करायचं होतं? माझ्याकडे काय दुसरे आबा आहेत?"

"माझी शेड आहे ती! माझं घर आहे!"

"माझंही घर आहे!"

हे ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची शिवणकाम करणारी काकू कात्री घेऊनच भिंतीपाशी आली. सासूबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. साखरेने आपलंच वाक्य ऐकलं आणि ती पांढरीफटक पडली. मग ती घरात गेली, पुढच्या दाराने बाहेर पडली, आणि जाताना ते दार तिने असं आपटलं की वरच्या झडपेची काच थरथरली.

बसथांब्याच्या बाकावर जाऊन ती बसली. एक बस गेली, दुसरी गेली. झालं, संपलं सगळं, असं तिला वाटत होतं. इतकी वर्षं सांभाळलेलं एका दुपारीत सांडून टाकलं. म्हाताऱ्या माणसाला माकड म्हणाले मी. आता काय तोंडाने परत जायचं? मामाकडे जाता येणार नाही, तिथलं दार तर कधीच आपटायचं नव्हतं. ती बराच वेळ रडली. मग नाक पुसायला हात उचलला तेव्हा मुठीत शेडची किल्ली सापडली. इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचा ठसा उमटला होता. निदान ही तरी परत द्यायला हवी, असं म्हणत ती उठली. आजी दुधासाठी परत आली होती, ही किल्लीसाठी. बायकांना परत यायला काहीतरी कारण लागतं, एवढंच.

घरी पोचली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "आलीस? हात धू. वाढलंय कधीचं, निवतंय." ती हात धुऊन स्टुलावर बसली. सासरे ताटात बघत होते, नवरा उगाच पाणी पीत होता. आबा पेटीवर, गुडघे हनुवटीला लावून.

"मीठ दे," आबा म्हणाले.

तिने मीठ दिलं. आबांनी ते घेतलं, भाजीवर टाकलं, एक घास खाल्ला. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "सूनबाई, सुतळी आण."

नवऱ्याने टेबलावर अशी थाप मारली की पेला उलटला. सासूबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आणि आमची साखर? तिने तोंडात घास तसाच ठेवून भोकाड पसरलं.

पण खुर्ची करणार कोण? हात तर थरथरत होते. सासरे म्हणाले, "कुलूप निघणार नाही." साखर उठून उभी राहिली. तोंड एकदा उघडलं की उघडलंच! म्हणाली, "बाबा, कुलूप निघेल. हत्यार मी धरीन, आबा नुसतं सांगतील. माझ्यावर सोडा." सासरे बायकोकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मला काय बघताय? तिचंही घर आहे."

तर त्या हिवाळ्यात शेड उघडली. भिंतीला टेकवलेल्या फळ्यांतून आबांनी एक काढली. तिच्या कडेची साल अजून निघालेली नव्हती. "ही तू आलीस त्या आठवड्यात आणून ठेवली," म्हणाले. "किती दिवस गप्प उभी होती. मला वाटलं, तडकते की नाही." साखरेने करवत धरली, आबांनी तिची शिव्याशापांनी पूजा बांधली. "अगं, लाकूड कापतेयस की केक? कोपर सरळ! कोपर!" "मग तुम्हीच धरा!" "धरू देतेस का?" "नाही!" काकूंना शिवणकाम सोडून रोजची करमणूक झाली. पहिला पाय तिरका गेला, दुसरा फुटला. रंधा मारून मारून तिच्या हाताला घट्टे पडले आणि केसांत भुसा राहायला लागला. कणकेतही पडला एकदा. सासूबाईंनी नुसतं बघितलं.

आबांना वर्ष झालं त्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या गोष्टी सांगितल्या आणि पाळी साखरेवर आली, तेव्हा तिने खिडकीतल्या पायांपासून सुरू केलं. इथपर्यंत सगळे हसत होते. पुढचं ती सांगते तेव्हा मात्र हसू जरा मागे राहतं.

खुर्ची तयार झाली तो दिवस. पॉलिश वाळलेलं, एक पाय किंचित रुसलेला. नवऱ्याने ती उचलून आत आणली आणि टेबलाला लावली. साखर स्टुलावरून उठली आणि खुर्चीत बसली. टाच जमिनीला टेकली, पाठ पाठीला लागली. आयुष्यात पहिल्यांदा कुठलीतरी जागा नेमकी तिच्याएवढी होती. ती काही बोलायच्या आत आबा पेटीवरून उठले. गुडघे कडाकडा वाजले. टेबल धरत, एकेक पाऊल टाकत ते तिच्या बाजूला आले, ते रिकामं स्टूल त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं, त्यावर बसले आणि पाठ ताठ केली.

"हुश्श," ते म्हणाले. "मिळालं बाबा एकदाचं."

"काय मिळालं?" साखरेने विचारलं.

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "काय म्हणजे? त्यांचं स्टूल. कारखान्यातल्या तुकड्यांचं केलेलं, लग्नाच्या आधीपासूनचं. जन्मभर त्यावरच बसले. तू आलीस त्या दिवशी त्यांनीच तर पुढे सरकवलं. तुला माहीत नव्हतं?"

साखर नवऱ्याकडे वळली. नवरा म्हणाला, "मला वाटलं तुला माहितीये."

तिने आबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्या ठेंगण्या पेटीकडे. इतके दिवस ती ज्या स्टुलावर रुसून बसली होती, ज्याच्यावर बसून तिने रोज मनात म्हटलं होतं की मला अजून जागा दिली नाही, ती त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची जागा होती. पहिल्याच दिवशी दिलेली.

"सांगता येत नव्हतं?" ती ओरडली. डोळे भरले, तरी ओरडलीच. "त्या गुडघ्यांनी त्या पेटीवर! एवढा काळ! एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू उठून उभी राहिली असतीस," आबा म्हणाले. "आणि उभं माणूस कधी निघून जाईल, काय नेम?"

आबांनी ताट जवळ ओढलं आणि मिठासाठी हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"अगं सोड, जेव आता," आबा म्हणाले. "निवतंय."